चंद्रावर गेलेली आमची स्क्वाड्रन

मालवणच्या किनाऱ्यावर चार माणसं नाटक बसवायला जमली, की नाटक राहतं बाजूला आणि किस्सेच पिकतात. आमच्या मंडळाचे इतके साठलेत, की बायको हात जोडते. तरी अंतराळाच्या नाटकाचे सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही!

रशियाने माणूस आकाशात पाठवला, त्या वर्षीची गोष्ट. एअरफोर्समधून रिटायर झालेल्या आमच्या बापूंनी नाटक लिहिलं, चंद्रावरची लढाई! मी प्रॉम्प्टर. स्क्वाड्रन लीडर भिवा, होडीवरचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या. त्याचा विंगमन सख्खा धाकटा भाऊ पांडू. जाळ्यावरून भांडून दोघांनी होड्या वेगळ्या केलेल्या, बोलणं बंद. बापूंचा दोघांवर जीव. "नाटकात तरी बोलतील!" म्हणून त्यांनी मुद्दाम जोडी लावली. पांडू तालमीत संवाद म्हणायचा तोही समुद्राकडे बघून.

बापूंनी वाळूवर रेघा ओढून समजावलं, "स्क्वाड्रन म्हणजे विमानांचा ताफा. त्यात छोट्या तुकड्या, म्हणजे फ्लाइट, फ्लाइटमध्ये जोड्या. जोडीत पुढे लीडर, जरा मागे विंगमन. त्याने लीडरची पाठ राखायची. उद्या लढाई अंतराळात गेली तरी हेच!"

तालीम सुरू झाली, तर भिवा सगळ्यांच्या मागे!

"अरे, लीडर पुढे!" बापू ओरडले.

"तांडेल खंय फुडे बसता? सुकाणू मागे आसता!"

झालं. सगळी स्क्वाड्रन मागे बघत बघत चंद्राकडे निघाली.

एका पायलटने विचारलं, "चंद्र गावलो तर यानाचो वाटो किती?" आमच्याकडे मासळीत होडीचाही वाटा असतो. बापू म्हणाले, "विमानाला वाटा नसतो रे."

"मगे ता परत कित्याक येतला?"

पायलटमागे जमिनीवर कितीतरी माणसं राबतात, असं बापू सांगत होते. मासे विकणाऱ्या जानकीकाकीने पाटी खाली ठेवली. "होडी लोटूक आमी, मासळी इकूक आमी. मगे नाटकात आमी खंय?" बापूंनी तिला तिथल्या तिथे ग्राउंड क्रूची प्रमुख केली. त्यानंतर तिला विचारल्याशिवाय एकही यान सुटेना!

आणि प्रयोग! लीडर मरतो, विंगमन एकटा तळावर परततो, असा प्रवेश. भिवा झकास पडला. पांडू मात्र तिथेच उभा.

मी विंगेतून म्हटलं, "तळावर परत!" पांडू हलेना. पुन्हा म्हटलं. बापू हातवारे करून दमले.

पांडू आमच्याकडे वळून ओरडला, "भावाक सोडून जाव? आवशीक काय सांगू?"

मेलेला भिवा डोळे मिटूनच म्हणाला, "जा रे, मी मेलंय!"

"मेलंस तर गप पड!" म्हणत पांडूने त्याला खांद्यावर घेतलं, स्टेजवरून खाली उतरला आणि प्रेक्षकांमधून वाट काढत थेट आईच्या घरी गेला.