कुबात-अकेंची डावी बाजू

"पुलापाशी घोड्यावरून उतरायचं. उतरायचं म्हणजे उतरायचं! किती वेळा सांगू रे?" कुबात-अके माइकवर खेकसले.

तिकडे घाटापलीकडे कोचकोरला, पेट्रोल पंपाच्या केबिनमध्ये बसलेला मेलिस खो खो हसला. "उतरलो असतो अके, पण घोडं माझं ऐकतच नाही. बायकोच्या वळणावर गेलंय."

"घोडं शहाणं आहे. वर बसलंय ते गाढव आहे."

डोंगरातल्या नारिन गावच्या त्या घरात रोज संध्याकाळी, जेवणाआधी, ही अशी शाळा भरायची. खेळाचं नाव 'काळी खिंड'. अफाट माळ, बर्फाचे डोंगर, पडके किल्ले. जाल तिकडे वाट, आणि प्रत्येक वाटेवर कुणीतरी टपलेलं. चौघांनी मिळून खेळायचा. मेलिस, बालिक्चीत टायरचं दुकान चालवणारा तिलेक, कुबात-अके, आणि चौथी त्यांची सून बेगाइम. सासरे पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर, सून स्वयंपाकघरात जुन्या लॅपटॉपवर, मध्ये एक भिंत. बेगाइम सगळं ऐकायची, बोलायची मात्र अक्षर नाही. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषांत सुनेनं तोंड उघडायचं? नारिनमध्ये अजून तरी तो दिवस उगवला नव्हता.

कुबात-अके, म्हणजे कुबातदादा, कोण, हे दोलोन घाटाच्या अल्याड-पल्याड कुणाला सांगावं लागत नाही. आधी लोकरीचा ट्रक, मग वडापची सोळा सीटची गाडी. उभा जन्म त्या घाटात गेला. बर्फ असो, धुकं असो, गाडीला कधी ओरखडा नाही. त्यांच्या गाडीत बसलं की बायाबापड्या पहिल्या वळणालाच घोरायला लागायच्या, एवढा भरवसा. मग बायको गेली. त्याच हिवाळ्यात घाट बंद पडला, आणि माणूस भिंतीकडे बघत बसायला लागला. मुलगा एर्मेक, त्यानं हा खेळ लावून दिला. "हा काय पोरखेळ!" म्हणत बसले, ते उठेचनात.

बघता बघता उस्ताद झाले. ढालवाला अंगावर आला की तलवारीकडे बघू नका, खांद्याकडे बघा. हात फसवतो, खांदा फसवत नाही. नव्या बर्फाळ भागात धूर दिसला म्हणून वस्ती समजून धावू नका, तिथे सापळा असतो. मान फिरती ठेवा, दर थोड्या वेळानं डावीकडे बघा. हे शेवटचं तर ते गेल्या पानगळीपासून इतकं घोकत होते, की तिलेकनं त्याचं गाणंच करून टाकलं होतं. पण ऐकायचे सगळे. कुबात-अकेंनी सांगितलं म्हणजे झालं!

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नव्हतं. पानगळीच्या सुमारास कुबात-अकेंना बाण लागायला लागले होते, आणि सगळे डावीकडून. घोड्यावरून धाडकन पडायचे, मग रागानं चहाचा वाडगाही तोंडाला लावायचे नाहीत. बेगाइमच्या जिवाला ते लागलं. तिनं गुपचूप आपला घोडा त्यांच्या डाव्या हाताला आणून लावला. तिरंदाज दिसला की आधी तिचा बाण सुटायचा. नाहीच सुटला, तर ती मध्ये येऊन अंगावर घ्यायची. मेलिस आणि तिलेकनं ओळखलं, आणि तेही तिला जागा करून द्यायला लागले. म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची, त्यात काय एवढं? आणि खरंच, यात सुनेचं चुकलं कुठे, सांगा बरं! त्या दिवसापासून कुबात-अकेंना डावीकडून एक बाण लागला नाही.

हे असं सुरळीत चाललेलं, मार्चातल्या त्या शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी सकाळी बेगाइम चुलीची राख टाकायला अंगणात आली, तर सासरे गाडी मागे घेत होते. डावीकडचा आरसा फाटकाच्या खांबावर आपटला, काच फुटली, आरसा नुसत्या वायरीला लोंबत राहिला. कुबात-अके उतरले. "कुत्र्यानं बादली पाडली वाटतं," असं म्हणाले, आणि आरशाकडे ढुंकूनही न बघता चाकं तपासायला लागले.

बेगाइमनं आरशाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. राखेची बादली हातात तशीच धरून ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर त्यांच्या टोपीला लागला असता, इतकी जवळ.

"बेगाइम!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "कुठे गेली ही पोरगी? गरम पाणी आण म्हणावं!"

ती पाऊल न वाजवता मागे सरली, दारातून फिरून आली आणि म्हणाली, "आणते, आताके." सासऱ्यांना ती आताके म्हणायची. पाणी ओतताना तिची नजर त्या लोंबत्या आरशावरून हलेना.

कारण दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शाळेतली कोमुझ वाजवणारी पोरं कोचकोरच्या स्पर्धेला जायची होती. गाडी कुबात-अकेंची, चालवणार कुबात-अके. पोरांत बेगाइमची लेक आइदाय. ती तर महिनाभर आजोबांच्या शेजारची सीट अडवून बसली होती. आणि त्या घाटात समोरून येणारे कोळशाचे ट्रक कुठल्या बाजूनं येतात? डाव्या. तिकडे गाड्या उजव्या कडेनं चालतात, ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे अगदी ड्रायव्हरच्या खांद्याला घासून.

दुपारी तिनं एर्मेकला फोन लावला. तो खाणीवर पाळीला, आवाज तुटत होता.

"तुम्ही सांगा त्यांना. तुमचे वडील आहेत."

"काय सांगू? दिसत नाही, गाडी सोडा? बेगाइम, गाडी गेली की तो माणूस राहील का गं? आई गेली तेव्हा बघितलंस ना? मी सुट्टीवर आलो की बघू."

"पोरं उद्या जातायत!"

"इतकी वर्षं नेतायत ना?" एर्मेक म्हणाला, आणि लाइन गेली. खरंच गेली की त्यानं घालवली, देव जाणे. असल्या वेळी नवऱ्यांच्या लायनी फार पटकन जातात!

चहाच्या वेळी तिनं दस्तरखान अंथरून त्यावर नान मोडून ठेवला, साय ठेवली, आणि खाली मान घालून विषय काढला. "आताके, उद्या पोरांना मेलिस-अकेंनी नेलं तर? त्यांना सुट्टी आहे म्हणे."

"का? माझ्या गाडीला काय झालं?"

"तसं नाही. तुम्हालाही आराम..."

"आराम कबरीत आहे भरपूर. ज्या घाटात माझे केस पांढरे झाले तिथून पोरांना तो पंपावरचा गाढव नेणार? चहा ओत."

तिनं चहा ओतला. आणखी काही बोलायची तिची छाती झाली नाही, आणि स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. लेक आत सूर लावत बसली होती. सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर?

संध्याकाळी शाळा भरली. बेगाइमनं लॅपटॉप उघडला, रोजच्यासारखा आपला घोडा त्यांच्या डावीकडे नेला. चौघे पुलाकडे निघाले. मेलिस बडबडत होता, किल्ल्यावरच्या एकडोळ्या सरदाराला कसं लोळवायचं, त्याला आधी दमवायचं की सरळ भिडायचं. कुबात-अके समजावत होते, "दमू दे त्याला. तीन वार चुकवलेस की चौथ्याला तो वाकतो. तेव्हा घाल."

तेवढ्यात बेगाइमनं घोडा वळवला आणि ती दूर जाऊन उभी राहिली.

"वहिनी? ओ वहिनी, कुठे चाललात?" तिलेक बोलला.

डावीकडच्या खडकामागून तिरंदाज उठला. चांगला लाल कपड्यातला, आंधळ्यालाही दिसावा असा. त्यानं सावकाश बाण लावला. कुबात-अकेंच्या स्वारानं मान डावीकडे फिरवली, परत उजवीकडे फिरवली. बाण सुटला, स्वार खाली.

"हे काय? आला कुठून हा?"

"सर्व्हर लटकला, अके," मेलिस झटकन म्हणाला. "माझ्याकडेही लटकला."

"हो हो, आज नेटचं काही खरं नाही," तिलेकनं री ओढली.

दुसऱ्यांदा निघाले. पुन्हा तोच खडक, तोच तिरंदाज, स्वार पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तेच. पुढच्या खोलीत टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. "सर्व्हर सारखा डावीकडूनच लटकतो का रे?"

बेगाइमनं लॅपटॉप जवळ ओढला. तिनं कधी न दाबलेलं माइकचं बटण दाबलं.

"सर्व्हर ठीक आहे, आताके. तो खडकामागे उभा होता. लाल कपड्यांत. तिन्ही वेळा. तुम्हाला दिसला नाही."

मेलिसनं मध्येच खोकून बघितलं.

"रोज तुमच्या डावीकडे मी असते. आज नव्हते," ती म्हणाली. "आणि सकाळी खांबाला आपटून गाडीचा डावा आरसा फुटला, तेव्हाही मी अंगणात तुमच्या डावीकडे उभी होते. तुम्ही मला घरात हाका मारत होतात."

खुर्ची मागे सरकली. पावलं आली. कुबात-अके स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, तोंड लालबुंद.

"लोकांत माझी अब्रू काढलीस? माझ्याच घरात, माझ्याच सुनेनं?"

बेगाइम उठून उभी राहिली. "मारा मला. पण उद्या गाडीत आइदाय बसणार आहे."

कुबात-अके भिंतीचा आधार घेत चुलीजवळच्या स्टुलावर बसले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"दिसत नाही ते. पानगळीत एका सकाळी उठलो, डोकं फुटत होतं, आणि डावी बाजूच नव्हती. एक डोळा झाकला, दुसरा झाकला, तेच. अर्धं जग कुणी कापून नेलं होतं."

बेगाइमला खरंच वाटेना. "आणि तरी तुम्ही गाडी..."

"ऐक आधी! मी वेडा नाही. गिअरबॉक्सचं निमित्त करून महिनाभर गाडी उभी ठेवली होती, आठवतं? तो गिअरबॉक्स ठणठणीत होता. मान डावीकडे फिरवायची सवय लावत होतो. पण सवय लागली की नाही, हे कळायचं कसं? घाटात माणसं बसवून तर बघता येत नाही. म्हणून इथे बघायचो, खेळात. ठरवलं होतं, डावीकडून बाण लागायचा थांबला तरच गाडीला हात लावायचा." ते थांबले. "थांबला की गं. एक आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला, एकही नाही. म्हटलं, कुबात, जमलं तुला. मग काढली गाडी."

बेगाइम चुलीपाशी खाली बसली. अख्खा हिवाळा तो माणूस घाटातून माणसं नेत होता, आणतही होता, आणि रोज संध्याकाळी ती त्याला पास करत होती! डोळ्यांत तेल घालून, एक बाण चुकू न देता.

"एकही सोडला नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, आताके."

"अगं, एक तरी लागू द्यायचास!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. त्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली. बेगाइमला त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटत होता, पण धीर झाला नाही.

मग ते उठले आणि पुढच्या खोलीत गेले. मेलिस आणि तिलेक अजून तिथेच होते. कुणाचीच जायची हिंमत झाली नव्हती.

"मेलिस, उद्या सकाळी इकडे ये. पोरांना तू न्यायचंस. माझी गाडी घे. आरसा फुटलाय तेवढा बसव. मला डावीकडचं दिसत नाही."

"अके, वयानं होतं थोडंफार, तुम्ही उगाच..."

"गप! बास झालं तुमचं ते. दिसत नाही म्हणजे नाही." खुर्ची करकरली. "आणि पुलाजवळ किती वळणं आहेत सांग. घाटातल्या, खेळातल्या नाही."

मेलिसनं सांगितलं, कुबात-अकेंनी दोनदा दुरुस्त केलं, कुठे बर्फ टणक असतो, कुठल्या वळणावर ट्रकवाले रस्ता सोडत नाहीत, सगळं म्हणून घेतलं. तो अगदी शाळकरी पोरासारखा पाठ म्हणत होता, आणि नाक ओढत होता.

"चला आता," कुबात-अके म्हणाले. "पुन्हा पुलाकडून. माझ्या डावीकडे कुणी थांबायचं नाही. बेगाइम, तूसुद्धा. कळलं का?"

"कळलं, आताके."

घोडे निघाले. तिनं आपला घोडा टेकाडावर उभा केला. खडकामागून लाल कपडा उठला, तिला लख्ख दिसला. खालचा स्वार मान फिरवत चालला होता, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. तिरंदाजानं दोरी ताणली. बेगाइमची बोटं आपोआप वळली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि बघत राहिली.

"लागला," भिंतीपलीकडून आवाज आला. "पुन्हा."