पिंपळाखालचे देव

सोमवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या गल्लीतल्या पिंपळाखाली सुशीलाबाईंच्या तळपायात काच घुसली. गल्ली त्याच झाडतात. कुणीतरी देवाची काच फुटलेली जुनी तसबीर तिथे ठेवून गेलं होतं, कारण देव म्हणे कचऱ्यात टाकायचा नसतो. झाडाखाली टाकलेला चालतो!

काच काढता काढता मी चिडून विचारलं, "मावशी, चप्पल का काढलीत?"

"देवाला हात लावायचा, तर चप्पल घालून कसा लावू? आणि तू कशाला तोंड वाकडं करतोस? पाय माझा आहे."

वर पानं सळसळत होती. उन्हाचे कवडसे फिकट गणपतीवरून ओल धरलेल्या लक्ष्मीवर सरकत होते. सगळे देव रस्त्याकडे बघत बसलेले, जणू घरचं कुणी न्यायला येईल. किती अलगद आणून ठेवतो आपण त्यांना इथे! वर डोळे मिटून हातही जोडतो. त्या मिटल्या डोळ्यांना पुढची अनवाणी पावलं दिसत नाहीत.

तुमच्या घरातली तसबीर जुनी झालीय? मग काच तुम्ही काढा, जाड कागदात गुंडाळा, वर ठळक 'काच' लिहा आणि सुशीलाबाईंना सांगून हातात द्या. पिंपळाखाली काही ठेवायचं नाही. देवसुद्धा नाही.