उकळत्या पाण्यातले कंगवे

भोरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझे केस कापणाऱ्या बाईचं पार्लर आहे. उत्रोलीहून ती रोज स्कूटीवर येते. तिचे हात स्वस्थ म्हणून राहत नाहीत. केस कापता कापता मध्येच आरसा पुसेल, पडदा सरळ करेल. मी शाळेत शिकवते, म्हणून ती दर वाक्याला "काय वं बाई?" असं विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही.

त्या शनिवारी माझे केस विंचरताना ती एकदम गप्प झाली. मागे दोघीजणी बसल्या होत्या. तिनं मला भराभर मोकळं केलं. मला चैन पडेना. अर्ध्या वाटेतून परतले, तर त्या दोघींना तिनं अर्ध्या तासानं यायला सांगितलं होतं आणि माझ्या केसांना वापरलेले कंगवे, ब्रश उकळत्या पाण्यात बुडवत होती. अंगावर टाकलेलं कापडही बादलीत होतं.

"उवा?" मी विचारलं.

"व्हय. पोरींत बसता तुमी, व्हायचंच."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांच्याम्होरं? सांजच्याला फोन करनार व्हते. आता बसा, फणी मारते."

शटर अर्धं ओढून ती फणी फिरवत राहिली. मला आरशात बघवेना. चार दिवसांपूर्वी एका मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या, तेव्हा मी तिला वर्गासमोर उठवून शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. तेव्हापासून ती शाळेत आली नव्हती.

रविवारी सकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले.