दादांनी दत्तक घेतलेला रस्ता

शेषरावदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर केळ्याचं साल हातात घेऊन कचऱ्याची टोपली शोधत होतो... ही खोड त्यांनीच लावलेली. दीड महिना झाला. अजून मला स्वतःचाच राग येतो. त्यांच्यासोबत एकदा तरी रस्त्यावर जायचं राहून गेलं.

मेडशीत आमची घरं लागून. दादा शाळेत शिपाई होते, मी मास्तर. निवृत्तीनंतर संध्याकाळी त्यांच्याकडे टीव्हीवर विनोदी मालिका बघायचो. एका भागात एक वल्ली रस्ता दत्तक घेतो, झाडू घेऊन निघतो आणि सगळी वाहतूक अडवून ठेवतो. मी हसून बेजार. दादा मात्र पडद्याकडे एकटक बघत होते. मग म्हणाले, "हसून कायले राह्यले गुरुजी? रस्ता दत्तक घेता येते, हे मले मालूमच नव्हतं." त्यांना आणि सुमनवहिनींना मूलबाळ नव्हतं. माझं हसू तिथेच थांबलं.

दादांनी घरापासून फाट्यापर्यंतचा रस्ता घेतला. कागद नाही, अर्ज नाही. दत्तक म्हणजे चार माणसांसमोर व्हायला पाहिजे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला त्रिशरण-पंचशील झालं, वहिनींनी खीर वाटली. गाव आलं, खीर प्यालं आणि द्रोण रस्त्यावरच टाकून गेलं! मी पुन्हा हसलो. दादांनी खताची रिकामी गोणी आणली आणि वाकून एकेक द्रोण उचलला.

मग रोज सकाळी खांद्यावर तीच गोणी. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून चिडवायचा, "दादा, लेकरू उठलं काय?"

"उठलं, पन तोंड धुवाचं राह्यलं!"

मला म्हणायचे, "चाला नं गुरुजी." मी गुडघेदुखी पुढे करायचो. शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं, "माह्या मागं त्याले कोन पाहीन?" "तुम्हीच उठाल आता," मी म्हणालो. मी पाहीन, एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत...

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला वहिनींनी पुन्हा खीर केली. मांडव रस्त्याला लागूनच होता. खाऊन झालं, तरी माणसं रिकामे द्रोण हातात धरून उभी. खाली कोणीच टाकेना. वहिनींनी खिळ्यावरची गोणी काढली आणि माझ्या हाती दिली. "धरा गुरुजी."

ती गोणी आता आमच्या दाराशी असते. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी निघतो. परवा एसटी हळू झाली, ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, "गुरुजी, लेकरू उठलं काय?"

मी नुसता हात वर केला आणि पुन्हा वाकलो.