कातडीचं बोलावणं

बाई आधी हातमोजा काढायच्या आणि मगच दाराच्या कडीला हात लावायच्या. कोलोनच्या जानेवारीत आम्ही बाकीचे आंघोळसुद्धा हातमोजे घालून करावी की काय, या विचारात असायचो, पण या बाई थंडगार लोखंडावर उघडा तळवा ठेवून म्हणायच्या, "झाकून ठेवलं तर कळणार काय, कपाळ?"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो. मी यंत्रं शिकायला आलेला आणि स्टोव्हला घाबरणारा. बाई पुण्याच्या, चाळिशीच्या, विद्यापीठात कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर संशोधन करणाऱ्या. मला नावानं हाक कधी मारली नाही. "काय रे इंजिनिअर, जेवलास का?" एवढंच.

त्यांचा प्रश्न साधा होता. गर्भ वाढत असताना स्पर्श जाणणारे मज्जातंतू कातडीपर्यंत पोचतात कसे? त्यांचे प्रोफेसर म्हणत, तंतू आपापल्या अकलेनं जातात; कातडी ही नुसती पिशवी.

"पिशवी म्हणे!" बाई जिन्यातच कडाडायच्या. "तिकडे अमेरिकेत उंदराच्या कर्करोगाच्या गाठीत एक द्रव्य सापडलंय, त्यानं तंतूंना धुमारे फुटतात. गाठीत असतं, मग कातडीत का नसावं? बोलावल्याशिवाय कुणी जातं का रे?"

"मी येतो की बाई, तुमच्याकडे. न बोलावता."

"तुला पिठल्याच्या वासानं बोलावलं. तेच तर सांगतेय!"

घरून आलेल्या डाळीच्या पिठाचं ते पिठलं खाता खाता मला जीवशास्त्र जेवढं कळलं, तेवढंच आजही कळतं.

प्रयोग असा. काचेच्या बशीत गर्भातल्या मज्जापेशींचा बारीकसा गोळा ठेवायचा, शेजारी जरा अंतरावर कातडीचा कण. बशी उबदार पेटीत. प्रोफेसरांचा दंडक होता की दुसऱ्या सकाळी बशी काढायची, रंग घालायचा, बघायचं. तंतू चहूकडे सारखेच फुटलेले दिसत. म्हणजे पिशवीच!

पण बाई एकादशी पाळायच्या. त्या दिवशी अंडं फोडायचं नाही आणि चालू बशीत रंग घालून ती मारायचीही नाही. "उपासाच्या दिवशी माझ्या हातून जीव जायला नको." (फार्मवरून आलेली त्या दिवशीची ताजी अंडी माझ्या तव्यावर यायची. एकादशीला ऑम्लेट खाणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच.) अशाच एका एकादशीला बशी एक दिवस जास्त पेटीत राहिली. द्वादशीला बाईंनी पाहिलं, तर कातडीच्या बाजूला तंतू विंचरलेल्या केसांसारखे दाट, आणि पाठीमागे विरळ.

बाई काही लगेच नाचल्या नाहीत. एकादशी नसताना मुद्दाम तेवढाच वेळ ठेवून पुन्हा केलं. कातडीच्या जागी यकृताचा कण ठेवून पाहिला. तिकडे कुणी फिरकलं नाही. मग मात्र त्या रात्री माझ्या पानात शिरा पडला.

प्रोफेसरांनी बशीचं टिपलेलं चित्र पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं, बरं. अपघात भारताचा, अर्थ माझा."

हे वाक्य बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मला भीती वाटली.

पुढे गावोगावचे विद्वान जमले. प्रोफेसरांचं भाषण, आणि बाईंना आमंत्रणच नाही! स्लाइडचा प्रोजेक्टर चालवायला मला मात्र बोलावलं होतं. ज्याला गोळा आणि बटाटा यांत फरक कळत नाही तो आत, आणि जिची बशी ती बाहेर. सांगा, संतापाल की नाही तुम्ही?

"मला बोलावलेलं नाही. मी जात नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सभेत ते चित्र पडद्यावर आलं. "मी इथे पाहिलं की..." प्रोफेसर सुरू झाले. तेवढ्यात मागचं दार वाजलं. साडीवर ओव्हरकोट घातलेल्या बाई मधल्या वाटेनं थेट पुढे गेल्या, हातमोजा काढला आणि पडद्यापाशी झोतात हात धरला.

"ही बशी माझी आहे," त्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या. "अपघात एकदा होतो. हे मी पुन्हापुन्हा करून पाहिलंय. आधी माझं नाव घ्या, मग पुढे बोला."

प्रोफेसर माझ्याकडे वळून ओरडले, "दिवा बंद करा!"

मी जर्मन अजिबात कळत नसल्याचा चेहरा केला. तो मला उत्तम जमायचा. दिवा चालूच ठेवला. पुढे मला कुणी प्रोजेक्टरला बोलावलं नाही.

नाव घेतलं गेलं नाही. छापील निबंधात शेवटी बाईंचे आभार होते, "अंड्यांची काळजी घेतल्याबद्दल". शिष्यवृत्ती वाढली नाही. उन्हाळ्याआधीच बाई बोटीनं परत गेल्या. नंतर कुठे, काय, मला पत्ता लागला नाही. मी अजून चिडतो. बायको म्हणते, "अहो, सोडा आता. भाजी गार होतेय."

कसं सोडू? दिवा चालू होता ना. बाईंचा उघडा तळवा त्या झोतात होता, आणि तंतूंचं ते सगळं दाट जाळं पडद्यावरून निघून त्यांच्या कातडीवर येऊन पोचलं होतं.