सातव्या प्रकरणातलं दीड पान

किशोरवयीन मुलींचं मन या लेखिकेला नेमकं कळतं, असं माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर छापलेलं असायचं. ते वाक्य मीच लिहून देत असे. प्रकाशकांना वेळ नसायचा, आणि कुणीतरी लिहायला हवंच होतं.

तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी दिवसा शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी कुकर लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कादंबरी लिहायची. लिहिण्यासाठी कोरा कागद विकत आणणं माझ्या स्वभावात नव्हतं. मुलीच्या जुन्या रफ वह्या सुट्या करायच्या, वापरलेल्या बाजूवर तिरपी रेघ मारायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला हे पाठ होतं. रेघ असलेली बाजू सोडायची, बाकीचं जुळवायचं.

माझी चौथी कादंबरी एका चौदा वर्षांच्या मुलीची होती, तिच्याच तोंडून सांगितलेली. घरात माझी मुलगीही चौदाचीच. मी ती सोय समजत होते.

प्रुफं आली की आमची कामं वाटलेली असत. मुलगी हस्तलिखित मोठ्याने वाचणार, मी प्रुफावर बोट फिरवत चुका काढणार. त्या रविवारी सातव्या प्रकरणात तिचं वाचन आणि माझं बोट यांची फारकत झाली. तिने एक पान संपवून पुढचं सुरू केलं, आणि माझ्यासमोर मध्येच दीड पान मजकूर जास्तीचा होता. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं, पण मजकूर झकास होता. मी तिला थांबवलं आणि तो वाचून दाखवू लागले.

गोष्टीतली मुलगी सांगत होती की महिनाभर ती गणिताच्या क्लासला गेलेलीच नाही. तो तास ती तलावाच्या काठी बसून काढते, कारण सर चुकलेलं गणित फळ्यावर पुन्हा करायला लावतात आणि सगळा क्लास हसतो. आईला सांगता येत नाही. आई लिहीत असते. गोष्टीतल्या मुलींना ती सगळं माफ करते, आणि घरातल्या मुलीची वेणी सैल झाली तरी ऐकवते.

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले, मध्ये दोनदा ‘छान जमलंय’ असंही म्हणाले. मग मान वर केली. मुलगी हातातल्या पानाची मागची बाजू बघत होती. अक्षर तिचं होतं. तिरपी रेघ मारायची मी विसरले होते, आणि कंपोझिटरने इमानेइतबारे दोन्ही बाजू जुळवल्या होत्या. त्या बाजूला काय आहे हे मी कधी वाचलंच नव्हतं. निबंध असेल असं वाटलं होतं.

“हे छापणार?” तिने विचारलं.

पुस्तक तिच्या शाळेच्या वाचनालयात जाणार हे दोघींनाही ठाऊक होतं. वर्गातल्या पोरींना तो क्लास, ते सर आणि तो तलाव ओळखायला एक मधली सुट्टी पुरली असती.

मी तिला जवळ बसवलं. या वयात असं वाटणं स्वाभाविक आहे आणि मी नेहमी तुझ्या पाठीशी आहे, असं सांगितलं.

“हे तं तुझ्या पुस्तकातल्या आईचं वाक्य आहे,” ती म्हणाली. “तू बोल ना.”

“मले काही सुचून नाही राहिलं,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मग सुचलं ते इतकंच, की उद्यापासून क्लास बंद आणि ते पान मी काढून आणते. पानाबद्दल तिने मान डोलावली. क्लासबद्दल तिने माझी परवानगी केव्हाच गृहीत धरलेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी महाल भागातल्या छापखान्यात गेले. मालक हेच माझे प्रकाशक. ते सुपारी कातरत बसले होते. माझी पुस्तकं ते छापत, पण वाचत असतील असा संशय मला कधी आला नव्हता. या वेळी त्यांनी वाचलं होतं.

“काहून काढता, बाई?” ते म्हणाले. “सगळ्या पुस्तकात तेवढंच एक पान पोरीचं आहे. बाकी पोरगी मास्तरणीवाणी बोलते.”

मी सांगितलं, ते पान माझं नाही आणि जिचं आहे तिची तयारी नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, दीड पान काढलं तर पुढची सगळी पानं सरकतील, तेव्हा इथेच बसून तेवढाच मजकूर द्या. मी बसले. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं वाटलं की गणिताच्या सरांच्या जागी शिवणाच्या बाई कराव्यात, तलावाची बाग करावी, कुणाला कळणार आहे? लेखकाला हे काम डाव्या हाताचं. पण मुलीला कळलं असतं.

तासाभरात दुसरं दीड पान लिहून दिलं. त्यात मुलगी आईच्या कुशीत शिरून सगळं कबूल करते आणि आई तिचे डोळे पुसते. ओळी मोजून बरोबर बसल्या. मालकांनी ते वाचलं, कंपोझिटरकडे दिलं आणि पुन्हा सुपारी हातात घेतली. मूळ पान मी घरी आणून मुलीला दिलं. तिने त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

पुस्तक शाळांमध्ये चांगलं चाललं. मुलीच्या शाळेत तर मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर एक उतारा सगळ्या शाळेला वाचून दाखवला, आणि निवडला तो नेमका हाच, कुशीत शिरण्याचा. ती घरी आल्यावर मी विचारलं, कसं झालं वाचन.

“मोठ्या बाई रडल्या,” ती दप्तर ठेवत म्हणाली.

“आणि मुली?”

“मुली उभ्या होत्या. बाईंचं होईस्तोवर कोणाले बसू नाही दिलं.”