काचेखालचा खळगा

अंधशाळेतल्या शिवणबाईंचा राग सगळ्यांच्या परिचयाचा होता. सुई हरवली की त्या चिडत आणि सापडली की आधी का सापडली नाही म्हणून चिडत. फक्त एका माणसाचा विषय निघाला की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. तो माणूस जगभर गाजलेला भौतिकशास्त्रज्ञ होता, आणि त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. घरी नवरा चिडवायचा, "तुझ्या त्या म्हाताऱ्यासमोर आमची डाळ कधी शिजलीच नाही बुवा!"

बाई कॉलेजात असताना हा म्हातारा त्यांच्या गावी भाषणाला आला होता. फळ्यावर त्याने एक अक्षर लिहिलं नाही. टेबलावरचं कापड ओढून काढलं, पुढच्या रांगेतल्या चौघांना टोकं ताणून धरायला लावली आणि मधोमध एक संत्रं ठेवलं. "जड वस्तूजवळ अवकाशाला असा खळगा पडतो," तो म्हणाला, "आणि त्या उतारावरून आपण घरंगळतो. पडणं म्हणतात ते हेच." एक टोक बाईंच्या मुठीत होतं. कापड ओढलं गेलं तेव्हा खळगा डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळला होता.

म्हणूनच त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी तो शिवला. भरतकामाची मोठी रिंग घेतली, त्यात ताणणारं कापड बसवलं, त्यावर जाड दोऱ्याच्या उभ्याआडव्या रेघा घातल्या आणि मध्ये लोखंडी गोळा टाचला. मुलं रेघेवर बोट ठेवून निघत आणि गोळ्याजवळ आली की हसत, कारण रेघ खाली वळायची. कापड सैल पडलं की बाई शिव्या घालत उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या.

मग म्हाताऱ्याची जन्मशताब्दी आली आणि संचालकसाहेबांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी सभागृहात प्रदर्शन मांडलं, बाईंची रिंग मधल्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर काचेची पेटी स्क्रूने पक्की केली. "हात लावू नये" अशी पाटी लावली. आणि कहर म्हणजे ती पाटी ब्रेलमध्येही होती!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, मुलांनी बघायचं कसं?"

"अहो, मुलं रोजच बघतात की. आता जरा बाहेरच्यांना बघू दे. हात लागून लागून कापड किती मळलंय बघा."

"मळणारच! त्यासाठीच केलंय ते. पाहुणे गेले की काढाल ना?"

"काढायचं कशाला? प्रदर्शन कायमचं ठेवायचं ठरलंय. तुमचाच मान आहे बाई, खूश व्हायचं सोडून चिडता काय?"

असला मान चुलीत घाला, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मुलं रांगेने आत आली, आणि दारात पाहुण्यांचीही गर्दी झाली. शाळेत नुकतीच आलेली एक मुलगी सगळ्यांत पुढे होती. खळग्याबद्दल तिने इतरांकडून खूप ऐकलं होतं, पण तिची पाळी अजून आली नव्हती. तिने पाटी वाचलीच नाही, थेट दोन्ही तळवे काचेवर टेकवले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवले. पुन्हा फिरवले.

"बाई, कुठाय खळगा?" ती म्हणाली. "सगळं सपाटच तर आहे."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. बाईंना त्या हसण्याचा संताप आला. त्यांनी कमरेची कात्री काढली आणि तिचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं.

"बाई, काय करताय? पाहुणे बघतायत!" साहेब पुढे धावले.

"बघू दे की. त्यांना डोळे आहेत."

शेवटचा स्क्रू निघाला. बाईंनी पेटी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. "धरा. आणि नीट धरा, ठसे पडतील."

मुलीचं बोट तोवर दोऱ्याच्या रेघेवरून निघालं होतं. साहेब पेटी कुठे ठेवावी म्हणून इकडे तिकडे बघत राहिले, पण टेबलाभोवती आता मुलंच मुलं होती.